मागे सरणारे बैल

मार्गशीर्ष लागला की सकाळची संध्या आटोपल्यावर मी थोडा वेळ अंगणात नुसता बसून राहतो. या दिवसांत परभणीच्या हवेला एक ओलसर, हिरवा वास असतो. ज्वारी कमरेला आलेली असते, हरभऱ्याच्या पानांवर दवासारखी आंबट आंब धरलेली असते आणि ऊन कितीही वेळ अंगावर घेतले तरी बोचत नाही. डोळे मिटले की नाकाला सारे ओळखीचे सापडते. कानाला मात्र सापडत नाही. कान एका आवाजाची वाट पाहत राहतात. लाकडी चाक करकरत फिरते, मग पाणी धबकन कोसळते, मग क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि त्या निःशब्दतेतून एका वृद्ध माणसाचा लांब, सावकाश हेल उमटतो. तो आवाज आता येणार नाही, हे मी कानांना कित्येक वर्षे समजावीत आलो आहे. ते ऐकत नाहीत.

विहिरींवर आता विजेचे पंप आहेत. त्यांची घरघर एकदा सुरू झाली की दिवसभर एका सुरात चालते. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पाणी कोणत्या वाटेने वर आले हे पिकाला कळत नाही, आणि तहानलेल्याने ते विचारूही नये. परंतु बैलांनी ओढायच्या चामड्याच्या मोटेला श्वास होता. ती भरे, चढे, रिती होई, थांबे आणि पुन्हा उतरे. त्या थांबण्यात काय होते, हे समजून घेण्यात माझ्या तारुण्यातला एक संपूर्ण हिवाळा गेला. त्या हिवाळ्याचे ऋण आणि त्या हिवाळ्यातला दोष, दोन्ही अजून माझ्याजवळ आहेत.

संस्थान विलीन झाले तेव्हा मी विशीच्या उंबरठ्यावर होतो. वडील घरीच पाठशाळा चालवीत. त्यांच्यापुढे मांडी घालून बारा वर्षे मी संस्कृत शिकलो आणि वेदपाठ केला. पण काळाचे वारे फिरले. विद्यार्थी नव्या शाळांकडे वळले, पाठशाळेतली आसने एकेक करून गुंडाळून ठेवली गेली, आणि पोटासाठी मी हाती कुंचला घेतला. गावात उर्दू पाट्या लिहिणारे एक वृद्ध उस्ताद होते. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी रेघ ओढायला शिकलो. त्यांनी मला मंत्र दिला तो एकच: "पंडत, दम रोको. लकीर अपने आप सीधी जाती." श्वास रोखला की हात स्थिर होतो, आणि हात स्थिर झाला की अक्षर उभे राहते.

पुढे गावाच्या कपाळावरची अक्षरेच बदलली. कचेऱ्या, दुकाने, दवाखाने, सगळ्यांना देवनागरी पाट्या हव्या झाल्या. उस्तादांनी लिहिलेल्या वळणदार अक्षरांवर पांढरा रंग चढवून त्याच फळ्यांवर मी माझी अक्षरे लिहिली. ज्या हाताने ते केले, तो हात त्यांनीच घडवला होता. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. एकदा एका पाटीखाली उभे राहून त्यांनी माझा 'श' बराच वेळ पाहिला आणि त्याचे पोट थोडे जड झाले आहे, एवढेच सांगितले. गुरू पुसला जातो आणि तरीही शिष्याचे अक्षर सुधारून जातो, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. पाहिले, पण त्यातून शिकलो नाही. शिकलो असतो तर पुढचे घडले नसते.

मी कोणाचा नोकर नव्हतो. ज्याचे काम असेल त्याच्या दारी रंगाचा डबा घेऊन जायचे, हा माझा धर्म. पण पाटी एकदा रंगली की वर्षानुवर्षे टिकते. पाच-सात वर्षांत गावातल्या साऱ्या पाट्या रंगून झाल्या आणि माझा डबा कोपऱ्यात पडून राहू लागला. सासऱ्यांनी दूरच्या एका गावी कापसाच्या जिनात कारकुनाची जागा पाहून ठेवली होती. तेवढ्यात आमच्या गावातच, परभणीला, शेतीचे प्रदर्शन भरणार असल्याची वार्ता आली, आणि ते मांडण्याची जबाबदारी असलेल्या साहेबांनी मला बोलावणे धाडले.

साहेब मनाने चांगले गृहस्थ होते. पाण्यावाचून सुकलेली पिके त्यांनी फार पाहिली होती आणि गावोगाव विहिरींवर तेलाची इंजिने बसावीत हा त्यांचा ध्यास होता. त्यांना एक चित्र हवे होते. एका बाजूला मोट, दुसऱ्या बाजूला इंजिन. मात्र स्थिर चित्रापुढे लोक थांबत नाहीत, म्हणून ते हलते हवे होते. पुण्याच्या बाजूला गणेशोत्सवात त्यांनी असे हलते देखावे पाहिले होते. तुम्हाला जमेल का, असे त्यांनी विचारले. मी जमेल म्हणालो. ते सत्य नव्हते. आयुष्यभर मी फक्त स्थिर गोष्टी रेखाटल्या होत्या. हे काम साधले तर पुढे तालुक्यातालुक्यांतल्या प्रदर्शनांची कामे माझ्याकडे येणार होती. नाही साधले, तर कुंचले बांधून ठेवायचे आणि जिनाची वाट धरायची.

घरी येऊन मी पत्र्याचे बैल कापले. त्यांच्या पायांना सांधे केले, सांध्यांना खिळे मारले, मागे लाकडी चाक बसवून त्याला दोरे बांधले आणि एक मूठ लावली. मूठ फिरवली की बैल धावेवरून, म्हणजे विहिरीच्या काठापासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, खाली जात आणि मोट वर येई. मूठ उलटी फिरवली की बैल त्याच चालीने मागे येत आणि मोट विहिरीत उतरे. मला ते फार सुबक वाटले. तरी ज्याचे चित्र काढले त्याच्या जाणत्याला ते दाखवावे, हा वडिलांचा संस्कार होता. म्हणून ते सारे बसवलेली चौकट गोणपाटात गुंडाळून मी सकाळच्या पॅसेंजरने पिंगळीला गेलो.

पिंगळीच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर एक मळा होता. गाडीच्या खिडकीतून त्या मळ्यातली मोट चालताना मी अनेकदा पाहिली होती. मोट हाकणारे लिंबाजीआबा तेव्हा सत्तरीला टेकले असावेत. पांढऱ्या मिशा, डोईला विटलेले लाल मुंडासे, उजव्या कानात बाळी. त्यांची सून पार्वती पाटाच्या कडेला उभी राहून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवीत असे. मी चौकट धावेच्या कडेला मांडली. आजूबाजूच्या रानातली चार माणसे जमली. मी मूठ फिरवली, आणि बैल खाली गेले तेव्हा माना डोलल्या. मग मी मूठ उलटी फिरवली आणि पार्वतीने तोंडाला पदर लावला.

"महाराज," ती म्हणाली, "ह्यो बैल मांगं सरायलाय, का कुणी शेपटी धरून वडायलंय त्येला?"

सगळे हसले. लिंबाजीआबा हसले नाहीत. ते चौकटीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतः मूठ धरून बैल एकदा पुढे नेले, एकदा मागे आणले. मग पत्र्याच्या बैलाच्या पाठीवर खऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला.

"पाय हायेत, महाराज," ते म्हणाले. "वज्झं न्हाई."

परतीच्या गाडीत मी खाली मान घालून बसलो होतो. लाज हसण्याची नव्हती. लाज अशी की ही चूक मी करायला नको होती. वडिलांनी मला जटापाठ शिकवला होता. त्यात मंत्राची पदे पुढे म्हणायची, तीच मागे म्हणायची, पुन्हा पुढे म्हणायची. मागे म्हणताना नुसती उलटी ओळ म्हणून भागत नाही. पद पदाला नव्या बाजूने भेटते, स्वर बदलतो, श्वास वेगळ्या जागी घ्यावा लागतो. उलटे जाणे हा एक वेगळाच पाठ असतो, हे मला बाराव्या वर्षी ठाऊक होते. बैलाच्या बाबतीत मात्र मी ते विसरलो, कारण बैलाकडे काही शिकण्यासारखे असेल असे माझ्या विद्येला वाटले नव्हते.

मग मी दर दोन दिवसांनी पिंगळीला जाऊ लागलो. धावेच्या कडेला गोणपाट अंथरून, मांडीवर पाटी ठेवून, पवळ्या आणि चांद्या या दोन बैलांकडे पाहत बसायचे. आज ते दिवस आठवले की प्रथम गार मातीचा स्पर्श आठवतो, मग भिजलेल्या चामड्याचा उग्र वास, मग ऊन चढू लागले की मोट जिथे रिती होते त्या थारोळ्यात पडणाऱ्या पाण्यावर उठणारे लहानसे इंद्रधनुष्य. पार्वती येता-जाता टोमणे मारी. महाराज बैल बघायलेत का पाय मोजायलेत, चार पाय मोजायला इतके दिवस लागतेत का, अशी तिची चौकशी चाले. दुपारी ती हिरव्या हरभऱ्याचे घाटे माझ्यापुढे आणून टाकी आणि सोवळ्यातल्या माणसाला हे तरी चालते का, असे सासऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारी.

हळूहळू मला दिसू लागले. खाली जाताना बैलाचे सारे बळ खांद्यात असते. मान पुढे, पाय मातीत रुतलेले, मोटेचा जाड नाडा तारेसारखा ताणलेला. पाणी कोसळते तेव्हा तो ताण एकाएकी सुटतो आणि दोन्ही बैलांच्या अंगावरून एक शहारा जातो. मग ते थांबतात. तेवढ्या थांबण्यात आबा काही म्हणत नसत. मग त्यांचा हेल येई, आणि बैल चढावर मागे सरू लागत. आधी मागचा एक पाय माती चाचपडतो. ती सापडली की त्यावर भार येतो. पुठ्ठे किंचित खाली बसतात, मान वर उचलली जाते, जू मानेवरून शिंगांकडे सरकते, आणि कान मागे वळतात. सगळा बैल जणू त्या दोन कानांत येऊन उभा राहतो.

कान मागे का वळतात, असे मी आबांना एकदा विचारले. मोट सुटली होती. ते लिंबाखाली भाकरी खात होते आणि मी माझा डबा उघडून थोडा दूर बसलो होतो.

"म्होरं जाताना बैल ताकदीनं जातंय," ते म्हणाले. "मांगं येताना इस्वासानं येतंय. मांगं हीर हाय. बैलाला पाठीला डोळे हायेत का?"

"मग तो कशाच्या आधाराने येतो?"

"माझ्या बोलीच्या. म्या बोलायलोय तवर त्येला ठावं असतंय, अजून जिमीन हाय. म्या गप झालो की थांबायचं."

त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग त्यांनी मला, न विचारता, आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्याच मळ्यात मोट धरताना भावाला भर दुपारी डुलकी लागली. बैल मागे सरत होते. आवाज बंद झाला, पण मागे सरण्याच्या झोकात एका बैलाचा पाय काठावरून गेलाच. बैल वाचला नाही. भावाने त्या दिवसापासून पुन्हा कधी कासरा हाती घेतला नाही. लोक त्याला नावे ठेवीत. त्यांचे त्याला काही वाटत नसे. बैल आपल्या बोलीवर येत होता, आणि आपण बोललो नाही, एवढेच तो मरेपर्यंत म्हणत राहिला.

ही गोष्ट मी ऐकली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मला ठाऊक नव्हते असे म्हणण्याचा मार्ग मला नाही.

सारे बैल मी नव्याने कापले. मागे सरण्यासाठी पायांना वेगळे दोरे आणि मानेला वेगळा सांधा दिला. चाकाच्या कडेला एक सपाट भाग तासून घेतला, त्यामुळे मूठ फिरत असतानाही बैल क्षणभर थांबू लागले. रेघ ओढताना श्वास रोखायला उस्तादांनी शिकवले होते. गतीच्या पोटात श्वास कुठे ठेवायचा, हे लिंबाजीआबांनी शिकवले. मग मी मोटकरी केला. त्याला पांढऱ्या मिशा, लाल मुंडासे आणि उजव्या कानात बाळी काढली. रंग सुकल्यावर चौकट पिंगळीला नेली. आबांनी बैल पाहिले, मग त्या आकृतीकडे पाहिले आणि आपल्या कानातल्या बाळीला हात लावला. एवढ्या मोठ्या परदर्शनात आपण उभे राहणार म्हणजे आता मुंडासे धुवावे लागणार, असे ते पार्वतीला म्हणाले. म्हाताऱ्याला हसताना मी तेवढेच एकदा पाहिले.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असता साहेब चित्र पाहायला आले. त्यांनी ते उभ्याने बराच वेळ पाहिले. इंजिनाच्या बाजूला मी निळ्या कागदाची एक फिरती पट्टी लावली होती, त्यामुळे पाणी अखंड वाहिल्यासारखे दिसे. पण साहेबांची दृष्टी पुन्हा पुन्हा मोटेकडे जात होती.

"फार उत्तम झाले आहे," ते म्हणाले, "आणि तीच अडचण आहे. हे पाहून लोक मोटेच्याच पाया पडतील."

त्यांचे म्हणणे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. माणसाला उपदेश पटत नाही, हसू आले की पटते. मोटकरी पेंगताना दाखवा, मोट गळताना दाखवा. लोक हसतील आणि हसत हसत इंजिनाकडे वळतील. त्यात त्यांचेच हित आहे. पुढची प्रदर्शने कोणती आणि कुठे, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितले. मी त्या मोटकऱ्याकडे पाहिले. तो कोण आहे हे साहेबांना माहीत नव्हते. मी सांगू शकलो असतो. मी मान हलवली.

काम फार थोडे होते. मान कापून तिला सांधा दिला, हनुवटीखाली एक आणि छातीवर एक अशी दोन भोके पाडली, त्यांतून एक दोरा ओवला आणि तो मागच्या चाकाला बांधला. आता बैल मागे सरू लागले की मोटकऱ्याची मान छातीवर पडे आणि मोट रिती झाली की दचकून वर येई. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. दम रोखण्याची मला चांगली सवय होती.

प्रदर्शनात आमच्या चित्रापुढे सर्वांत मोठी गर्दी होई. मी मागे पडद्याआड बसून मूठ फिरवीत असे. मला माणसे दिसत नसत, फक्त त्यांचे हसणे ऐकू येई. मोटकऱ्याची मान पडली की हास्याची एक लाट उठे, आणि काही फेऱ्यांनंतर ती लाट केव्हा उठणार हे माझ्या मनगटालाही कळू लागले. पहिला दिवस मी त्या लाटेवर तरंगत काढला. सोनपेठेकडची माणसे आली होती, बोरीकडची आली होती, आणि सारी हसत होती. साहेब पडद्याआड डोकावून माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मूठ फिरवीत होतो. बैल मागे सरले, मान पडली, आणि ठरलेली लाट उठली. ती विरत असताना पडद्यापलीकडून सासऱ्याला हाक मारणारा ओळखीचा एक बायकी आवाज आला. त्यात नेहमीचा खट्याळपणा नव्हता.

"मामा, चला. तिकडं खरं इंजन ठिवलंय, त्ये बगू."

मला मूठ थांबवता आली नाही. हाताला सवय लागली होती. आणखी दोन वेळा मान पडली, दोन वेळा लोक हसले. मग पडदा बाजूला झाला आणि लिंबाजीआबा आत आले. धुतलेले धोतर, धुतलेले मुंडासे. ते माझ्याकडे न पाहता प्रथम चाकाकडे, दोऱ्यांकडे, तासलेल्या कडेकडे पाहत राहिले. एखाद्याने केलेले काम दुसऱ्या कामकऱ्याने पाहावे तसे.

"बैल बराबर हाय," ते म्हणाले. "पाय चाचपायलाय. मान बी उचलायलाय."

मी हात मागे घेतला. मूठ आता थांबली होती. पलीकडे कोणीतरी, चालवा हो, असे ओरडत होते.

"फकस्त येक सांगा, महाराज. माणूस झोपलाय, अन बैल मांगं यायलेत. मंग त्ये हिरीत कसे काय जायनात?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता. टोमणाही नव्हता. वाफ्यात पाणी का चढत नाही, हे विचारावे तसे त्यांनी विचारले. गुरूने शिष्याच्या कामातली चूक दाखवावी, इतकेच. मग येतो म्हणाले आणि पडदा नीट सारून गेले.

शास्त्रांत पापाची अनेक प्रायश्चित्ते सांगितली आहेत आणि लहानपणी मी ती पाठ केली होती. त्या संध्याकाळी प्रदर्शन मिटल्यावर मला त्यांतले एकही आठवले नाही. मी कात्री घेतली, दोरा कापला आणि मोटकऱ्याची मान तारेने बांधून ताठ केली. भोके रंगाने बुजवली. रंग वाळल्यावर त्यांच्या जागी पुन्हा दोन खळगे दिसू लागले, आणि चित्राच्या मागून उजेड आला की त्यांतून तो पलीकडे पाझरे.

तिसऱ्या दिवशी कोणी हसले नाही. लोक येत, थांबत, पाहत. बैल थबकले की गर्दीही थबके. एकदा बैल मागे सरत असताना कोणीतरी अनोळखी शेतकरी हलक्या आवाजात हेल काढताना मी ऐकले. काही वेळाने साहेब आले. ते गर्दीच्या मागे उभे असावेत, कारण त्यांचा खोकला मला दुरून ऐकू आला. ते पडद्याआड आले नाहीत. ते रागावले असे मला कोणी सांगितले नाही. मात्र पुढच्या प्रदर्शनांचे बोलावणे आले नाही, आणि फाल्गुनात मी जिनातली जागा पत्करली. काही वर्षांनी तिथून सुटून एका शाळेत संस्कृत शिकवू लागलो आणि तेच माझे जीवित झाले. हलते चित्र मी पुन्हा केले नाही.

जिनाकडे निघण्यापूर्वी एकदा पिंगळीला गेलो. जाण्याचे धैर्य यायला तितके दिवस लागले होते. चौकटीचा मोटेकडचा भाग मी सोडवून बरोबर घेतला होता. स्टेशनावर उतरलो तेव्हाच कानांना कळले. मळ्यातून इंजिनाचा फटफट आवाज येत होता. आबांच्या मुलाने ते महिन्यापूर्वी बसवले होते. पार्वती पाटाकडे धावत होती. मला पाहून तिने हात केला आणि आवाजावरून ओरडून सांगितले की आता पाणीच लय झालंय, दम खायला सवड न्हाई. ती दमलेली होती, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो खरा होता. साहेबांचे काही चुकले नव्हते.

आबा धावेच्या तोंडाशी बसले होते. धावेवर हरळी उगवू लागली होती. मोट कोरडी पडून लाकडासारखी कडक झाली होती. पवळ्या आणि चांद्या लिंबाखाली रवंथ करीत होते. इंजिनाचा आवाज झाला की त्यांचे कान हलत, पण मागे वळत नसत.

मी चौकट त्यांच्यापुढे ठेवली आणि गोणपाट सोडला. बोलायला तोंड उघडले, पण त्यांनी हाताने थांबवले. त्यांनी मोटकऱ्याची आकृती न्याहाळली. हनुवटीखालच्या खळग्यावर बोट ठेवले, मग छातीवरच्या.

"बुजवा की हे."

"बुजत नाहीत, आबा. तीनदा रंग भरला."

त्यांनी बोट तिथेच ठेवले. तेवढ्यात डिझेल संपले म्हणून मुलाने इंजिन बंद केले, आणि मळ्यावर एक मोठी, जुनी शांतता उतरली. दूर पाटात उरलेले पाणी वाहताना ऐकू येऊ लागले.

"मंग ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "फिरवा."

मी चौकटीमागे, धावेच्या माथ्यावर बसलो आणि मूठ फिरवली. पत्र्याचे बैल खाली गेले, मोट वर आली, रिती झाली. चाकाची सपाट कड आली आणि बैल थांबले. मी मूठ फिरवू शकलो असतो, पण हात पुढे जाईना. तो कशाची तरी वाट पाहत होता. मग आबांनी डोळे मिटले आणि तो लांब, सावकाश हेल काढला. लिंबाखाली पवळ्या आणि चांद्या यांनी रवंथ थांबवले, आणि चारही कान मागे वळले.

त्या आवाजाबरोबर मी मूठ फिरवू लागलो. आवाज संथ झाला की संथ, लांबला की लांब. ते किती वेळ चालले, मला सांगता येणार नाही. विहीर माझ्या पाठीशी होती, अगदी जवळ. मी मागे वळून पाहिले नाही.